सव्वा महिना आणि बाळाच्या अंगावरची खूण

बाळ इस्पितळातून घरी येते, मालीश करणारी बाई पाय लांब करून बसते, बाळाला पालथे घालते आणि कमरेखालचा निळसर-करडा डाग सगळ्यांच्या नजरेस पडतो. मग प्रश्न सुरू होतात. कुठे आपटले का? जन्माच्या वेळी चिमटा लावला होता का? लालबागच्या चाळीत हे प्रश्न शेजारच्या खोलीतून येतात, दादरच्या फ्लॅटमध्ये व्हॉट्सअॅपवर. पण शेवटचा प्रश्न दोन्हीकडे एकच असतो आणि तो बाळंतिणीला उद्देशून असतो: ग्रहणात काही चिरले-कापलेस का? या सगळ्या प्रश्नांचा रोख डाग कशामुळे आला याकडे असतो. माझे म्हणणे असे की जन्मखुणेबाबत घरच्या माणसांनी हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि दुसरे तीन विचारावेत. खूण कुठे आहे, अशा किती आहेत, आणि गेल्या आठवड्यापेक्षा ती वाढली आहे का. बहुतेक खुणांसाठी 'थांबा, आपोआप जाईल' हा आजीचा सल्ला बरोबरच असतो. मात्र एका जातीच्या खुणेत तोच सल्ला महागात पडतो, आणि दुर्दैवाने त्या खुणेचा महत्त्वाचा काळ नेमका बाळंतिणीच्या सव्वा महिन्यात येतो.

आधी ग्रहणाचा निकाल लावू, कारण त्या प्रश्नाने बाळंतिणीला निष्कारण अपराधी वाटते. सूर्यग्रहणे साधारण सहा-सहा महिन्यांच्या अंतराने येणाऱ्या ठरावीक काळातच होतात आणि अशा प्रत्येक काळात पृथ्वीवर कुठेतरी किमान एक सूर्यग्रहण होतेच. म्हणजे नऊ महिन्यांच्या कोणत्याही गरोदरपणात जगात कुठे ना कुठे एक तरी सूर्यग्रहण येणारच, चंद्रग्रहणे वेगळी. डाग दिसल्यावर मागे जाऊन ग्रहण शोधले तर ते सापडणार हे गणितानेच ठरलेले आहे. 25 ऑक्टोबर 2022 रोजी ऐन दिवाळीत मुंबईतून खंडग्रास सूर्यग्रहण दिसले, तेव्हा शहरातल्या सगळ्याच गरोदर बायका एका आकाशाखाली होत्या. त्यांतल्या काहींच्या बाळांना डाग आले, काहींच्या नाही. आणि कमरेवरचे निळे डाग तर ग्रहण असो-नसो, वर्षाच्या बाराही महिन्यांत जन्मणाऱ्या बाळांना असतात. यावर कोणी म्हणेल की ग्रहण पाळण्याने बाईला विश्रांती मिळते, त्यात बिघडले काय? विश्रांतीला हरकत नाही. पण उपाशीतापाशी, पाणीसुद्धा न पिता बसवणे गरोदर बाईला बरे नव्हे, आणि पुढे डाग दिसला की 'तू नीट पाळले नाहीस' हा ठपका तिच्यावर येतो, तो तर त्याहून वाईट. पुरे न झालेल्या डोहाळ्यांची कथाही याच पठडीतली. जन्मखुणा आईच्या खाण्यापिण्याने, रागालोभाने किंवा सुरी-कातरीने येत नाहीत.

मग त्या येतात कशा? कमरेखालच्या निळ्या डागाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या मध्यरेषेजवळ तयार होतात आणि तिथून प्रवास करत त्वचेच्या वरच्या थरात पोहोचतात. काही पेशी वाटेतच, खालच्या थरात अडकून राहतात. त्यांतले रंगद्रव्य काळे-तपकिरीच असते, पण खोलवर असल्यामुळे वरून निळसर दिसते. आपल्याकडच्या आज्यांच्या हातावरचे गोंदण आठवा: आत काजळी, वरून हिरवट-निळी छटा. प्रकाशाचा खेळ तोच. टोकियोत शिकवणाऱ्या एर्विन बेल्त्स या जर्मन डॉक्टरने 1885 मध्ये जपानी बाळांवरच्या या डागाचे वर्णन केले आणि ती मंगोल वंशाची खूण आहे असे मानले. त्यातून 'मंगोलियन स्पॉट' हे नाव रूढ झाले. वंशाचा तो तर्क केव्हाच मोडीत निघाला, पण इस्पितळाच्या कागदावर नाव अजून सापडते आणि ते वाचून पालक उगाच दचकतात. भारतीय बाळांपैकी निम्म्याहून अधिकांच्या अंगावर असा डाग असतो, म्हणजे परळच्या कोणत्याही प्रसूतिकक्षात तो नसलेलीच बाळे कमी. आपल्याकडे सटवाई सहाव्या रात्री कपाळावर नशीब लिहिते. कोरियात समजूत अशी की जन्माची देवता असलेली आजी बाळाला 'चल, नीघ बाहेर' म्हणून कुल्ल्यावर चापट मारते, तिचा हा वळ. कल्पना गोड आहे, आणि मुख्य म्हणजे तिच्यात आईचा दोष नाही.

हा निळा डाग दुखत नाही, दाबल्यावर फिका पडत नाही, आणि पहिल्या काही वर्षांत, बहुधा शाळेत जायच्या आत, विरून जातो. त्याला औषध नको, तपासणी नको, मलम तर मुळीच नको. काळजी घ्यायची ती कागदावर. मार लागल्याचा काळानिळा डाग आठवड्या-दोन आठवड्यांत हिरवट, मग पिवळट होत जातो, हा तसा बदलत नाही. पण ज्यांच्या डोळ्यांना गोऱ्या कातडीचीच सवय आहे अशा डॉक्टरला किंवा पाळणाघरातल्या बाईला हा फरक पटकन उमगत नाही. इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या किंवा तिकडे जाऊ घातलेल्या मराठी कुटुंबांनी म्हणून एक गोष्ट आवर्जून करावी. बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत डॉक्टरकडून 'जन्मतः निळे डाग, अमुक जागी, एवढ्या मापाचे' अशी तारखेसह नोंद करून घ्यावी. मुलाला मारहाण झाल्याचा संशय तिकडे फार गांभीर्याने घेतला जातो, आणि घ्यावाच. एका ओळीच्या नोंदीने गैरसमज टळतो. पाठभर, पोटावर, छातीवर पसरलेले आणि वयाबरोबर विरण्याऐवजी गडद होत जाणारे निळे डाग असतील तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण क्वचित काही आनुवंशिक चयापचयाच्या आजारांत असे दिसते. डोळ्याभोवती आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागात उतरलेला निळा-करडा डाग हा वेगळाच प्रकार आहे, तो जात नाही, आणि तिथे डोळ्याचा दाब अधूनमधून तपासावा लागतो. रंग तोच, जागा बदलली की अर्थ बदलला.

मानेच्या मागे, पापण्यांवर किंवा दोन भुवयांच्या मध्ये फिकट गुलाबी ठिपके असतात, बाळ रडले की ते लाल होतात. या फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या. पापण्यांवरचे वर्ष-दोन वर्षांत जातात, मानेवरचा कधी कधी राहतो आणि केसांखाली झाकून जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगभर उठणाऱ्या, मध्ये पांढरे टोक असलेल्या लाल पुळ्या तर जन्मखुणाच नव्हेत. बाळ चांगले पीत असेल, ताप नसेल, तर त्या काही दिवसांत मावळतात. एक घोटाळा मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. जन्मतः दिलेल्या बीसीजी लसीच्या जागी, डाव्या दंडावर, काही आठवड्यांनी लाल फोड उठतो, कधी चिघळतो आणि मग वण राहतो. लस लागू पडल्याची ती नेहमीची खूण आहे. त्याच सुमारास अंगावर दुसरीकडे कुठे लाल उंचवटा उठला, तर त्याला लसीचा परिणाम समजू नये.

कारण तो बहुधा हिमॅन्जिओमा असतो, आणि या लेखाचे खरे कारणही तोच आहे. ही रक्तवाहिन्यांच्या पेशींची सौम्य प्रकारची गाठ; कर्करोग नव्हे. जन्माच्या वेळी ती बहुतेकदा नसतेच, किंवा तिच्या जागी फिकट डाग, बारीक लाल रेषा, ओरखडल्यासारखे काहीतरी असते. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टरांनी बाळ नखशिखान्त पाहिले तरी म्हणूनच ती सुटू शकते. दोन-तीन आठवड्यांनी ती दिसू लागते, आणि साधारण पाचव्या ते आठव्या आठवड्यात ती सर्वांत वेगाने वाढते. तिसऱ्या महिन्यापर्यंत तिचा बहुतेक आकार गाठलेला असतो. मुलींमध्ये, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांत ती अधिक आढळते. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत शंभरातल्या चार-पाच बाळांना ती असते, म्हणजे दुर्मीळ नव्हे. आता हे वेळापत्रक आपल्या घराच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. बाळंतीण माहेरी, सव्वा महिना उंबरठ्याबाहेर पाऊल नाही, पाहुणे मोजकेच, खोलीत अंधार, बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेले. डॉक्टरांची पुढची भेट दीड महिन्याच्या लसीला. त्या दिवशी नर्स मांडी उघडते, लस टोचते, बाळ रडते, आणि सगळे परत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये सांगितले की धोक्याच्या जागचा हिमॅन्जिओमा तज्ज्ञांनी बाळ महिन्याचे होण्याच्या सुमारास पाहिलेला असावा. आपल्याकडे तेव्हा बाराव्या दिवसाच्या घुगऱ्या खाऊन लोक नुकते पांगलेले असतात.

सव्वा महिन्याच्या रिवाजावर टीका करण्याचा हेतू नाही. बाळंतिणीला विसावा मिळतो आणि बाळाचा गर्दीतल्या खोकल्या-शिंकांपासून बचाव होतो, हे त्यामागचे शहाणपण आजही खरे आहे. पण या रिवाजात डॉक्टरकडे जायला बंदी कधीच नव्हती; ती आपण सोयीने घातली. आणि आता तर तेही निमित्त उरले नाही. बाळाला खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात नेऊन, खुणेशेजारी रुपयाचे नाणे धरून दर आठवड्याला एक फोटो काढावा आणि तो बाळाच्या डॉक्टरांना पाठवावा. ट्यूबलाइटखाली किंवा फ्लॅशने काढलेल्या फोटोत लाली फसवी दिसते. आपल्या गव्हाळ-सावळ्या बाळांवर तर लाल डाग तपकिरी किंवा जांभळट वाटतो, पुस्तकातल्या गोऱ्या बाळांच्या चित्रांशी त्याची तुलना करून उपयोग नाही. म्हणूनच रंगावर न जाता नाण्याशी तुलना करावी. चित्र स्वतःशीच, मागच्या आठवड्याच्या चित्राशी ताडून पाहावे.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा: 'पण हेही आपोआप जातेच ना?' जाते, हे खरे. वर्षाच्या आसपास हिमॅन्जिओमा करडा पडू लागतो, मऊ होतो, आणि चार वर्षांच्या सुमारास बहुतेकांत त्याचे ओसरणे पूर्ण होत आलेले असते. पोटावर किंवा दंडावर नखाएवढा असला तर खरोखर नुसते पाहत राहणेच उत्तम, आणि तिथे औषधाची घाई करणारा डॉक्टर भेटला तर 'का' असे जरूर विचारावे. मात्र दोन गोष्टी या आक्षेपात सुटतात. एक, गाठ ओसरली तरी ताणलेली त्वचा पूर्ववत होत नाही. बऱ्याच मुलांत सैल, सुरकुतलेली कातडी किंवा बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे मागे राहते. मांडीवर त्याचे कोणाला काय, पण नाकाच्या शेंड्यावर आणि ओठावर ते आयुष्यभर राहते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. काही जागा वाट पाहू देत नाहीत. पापणीवरची गाठ नजरेआड आली तर बाळाचा तो डोळा पाहायलाच शिकत नाही, आणि पुढे गाठ गेली तरी दृष्टी अधू राहते. हनुवटी-जबडा-गळा या पट्ट्यातली गाठ असेल आणि बाळाच्या श्वासाला घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज असेल, तर आत श्वासनलिकेतही गाठ असू शकते. त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. लंगोटाच्या जागी ती फुटते, चिघळते, बाळ कळवळते. पाच किंवा अधिक गाठी असल्या तर पोटाची सोनोग्राफी करून यकृत बघतात. कमरेवर, अगदी मणक्याच्या मध्यरेषेवर गाठ, केसांचा झुपका किंवा खोल खळगा असेल तर मणक्याची तपासणी लागते. इथेच नेहमीचा निळा डागही असतो, तेव्हा घाबरून दोन्हींची गल्लत करू नये: सपाट निळा डाग एकटा असेल तर मणक्याचा प्रश्न नाही.

औषधाबद्दल ऐकले की दुसरा आक्षेप येतो, 'एवढ्याशा जिवाला हृदयाचे औषध?' हो, प्रोप्रॅनोलॉल हे मुळात हृदयाचे आणि रक्तदाबाचेच औषध. ते शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना 1988 मध्ये नोबेल मिळाले. हिमॅन्जिओमावर ते चालते हे मात्र योगायोगाने कळले. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात नाकावर गाठ असलेल्या एका बाळाला आधी स्टेरॉइड चालू होते, त्यात हृदयाची तक्रार उद्भवली म्हणून प्रोप्रॅनोलॉल दिले, आणि गाठ विरू लागली. त्वचारोगतज्ज्ञ क्रिस्तीन लोते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 2008 मध्ये प्रसिद्ध केले. पुढे नीट चाचण्या झाल्या आणि 2014 मध्ये अमेरिकेने बाळांसाठीच्या या औषधाला मान्यता दिली. त्याआधी महिनोन् महिने स्टेरॉइड किंवा शस्त्रक्रिया हेच मुख्य उपाय हातात होते. तरीही शंका अनाठायी नाही: या औषधाने रक्तातली साखर उतरू शकते, नाडी मंदावते, दम्याची प्रवृत्ती असलेल्या बाळाला धाप लागू शकते. म्हणून ते हृदय तपासून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सुरू करतात आणि साधारण सहा महिने किंवा अधिक काळ देतात. आईने पक्के धरावे ते एवढेच की डोस नेहमी दूध पाजताना किंवा पाजून झाल्यावर लगेच द्यायचा. बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील, तर तो डोस टाळून डॉक्टरांना विचारायचे. शेजारच्या बाळाची बाटली उरली म्हणून आपल्या बाळाला देणे हा तर जिवाशी खेळच.

दुसरी तांबडी खूण याच्या अगदी उलट वागते, आणि जुन्या मराठीतला 'लाखे' हा शब्द तिला शोभतो. ती जन्मापासून पुरती दिसते, सपाट असते, चेहऱ्याच्या बहुधा एकाच बाजूला. एकाएकी वाढत नाही, पण विरतही नाही. मूल वाढेल तशी ती वाढते आणि मोठेपणी गडद, जाडसर होते. डॉक्टर तिला पोर्ट वाइन स्टेन म्हणतात. 2013 मध्ये तिचे कारण सापडले: गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीत झालेला एका जनुकातला बदल. आईबापांकडून आलेला नव्हे, पुढच्या बाळात बहुधा न येणारा. कपाळ आणि वरच्या पापणीवर अशी खूण असेल तर त्या बाजूच्या डोळ्याचा दाब वाढण्याचा आणि काही बाळांत मेंदूच्या आवरणातही तसाच दोष असून झटके येण्याचा धोका असतो. म्हणून नेत्रतज्ज्ञांची भेट पहिल्या काही आठवड्यांतच घ्यावी, बाळ ठणठणीत दिसत असले तरी. 'मोठी झाली की लेझर करू' असे म्हणणाऱ्यांनी हेही जाणावे की लेझरचा गुण कोवळ्या, पातळ त्वचेवर अधिक येतो. एका बैठकीत काम होत नाही, सावळ्या कातडीवर जपून करावे लागते, आणि डाग पूर्ण जाईल असे वचन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

तपकिरी आणि पांढऱ्या खुणांत मोजणे कामाला येते. दुधाळ कॉफीच्या रंगाचे एक-दोन सपाट डाग कोणालाही असतात. पाच मिलिमीटरहून मोठे सहा किंवा अधिक असतील तर मज्जातंतूंशी संबंधित एक आनुवंशिक विकार तपासावा लागतो. जन्मतः असलेला काळा तीळ शंभरात एका बाळाला असतो, लहान असला तर नुसती नजर पुरे. पाठ व्यापणारा, केसाळ, मोठा असेल तर तो सुरुवातीपासून तज्ज्ञांच्या नजरेखाली राहावा, कारण पुढे त्यात कर्करोग होण्याची शक्यता थोडी अधिक असते. पांढरा चट्टा दिसला की आपल्या घरांत एकच शब्द मनात येतो आणि तो कोणी उच्चारत नाही. कोड नवजात बाळांत जवळपास नसतेच. जन्मापासून असलेला एकटा पांढरट चट्टा बहुधा त्या भागात रंगद्रव्य कमी असल्याचा, न पसरणारा, निरुपद्रवी असतो. तीन किंवा अधिक असतील, किंवा सोबत झटके येत असतील, तर मात्र बालमेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे. ते लपवून वर्ष घालवण्यात बाळाचे नुकसान आहे.

घरी काय करू नये हे एका दमात सांगता येईल: डाळीच्या पिठाने घासू नये, चुना लावू नये, डागू नये, काजळाने झाकू नये. मालीश चालेल, फक्त फुगलेल्या लाल गाठीवर चोळणे नको. ती फुटून रक्त आले तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे दाबून धरावे आणि मग डॉक्टरांकडे जावे. दाखवायचे कुठे, ही अडचण तरी मुंबईत नाही. गिरणी कामगारांच्या बायकांसाठी म्हणून 1926 मध्ये परळला वाडिया प्रसूतिगृह उभे राहिले, त्याच वर्षी केईएम, आणि 1929 मध्ये शेजारीच मुलांचे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय. केईएम, नायर आणि शीव या पालिकेच्या तिन्ही रुग्णालयांत त्वचारोग, नेत्र आणि बालरोग विभाग आहेत. गिरगावातून असो की लालबागमधून, तासाभराच्या आत जिथे पोहोचता येते तिथे लोक तीन महिने पोहोचत नाहीत, ते अंतरामुळे नव्हे. मुलीच्या चेहऱ्यावरची खूण चारचौघांत नेऊ नये असे वाटते, किंवा शाळेच्या नि नोकरीच्या अर्जावर 'शरीरावरील ओळखीची खूण' असा रकाना असतोच, तेव्हा असू दे एखादी, असे हसून टाळले जाते.

बाळंतविडा घेऊन भेटायला जाणाऱ्यांना म्हणून एक विनंती. ग्रहणाचे विचारू नका, खूण कोणावर गेली तेही नको. मागच्या आठवड्यापेक्षा ती मोठी झाली आहे का, एवढे विचारा; आणि उत्तर 'हो' आले तर टॅक्सी तुम्हीच बोलवा.